‘डोळ्यांची उघडझाप करा’ म्हणणारं ॲप आणि न मिटणारी पापणी

नवं बँक खातं उघडताना, रेशन कार्डाचं ई-केवायसी करताना किंवा आजोबांचा हयातीचा दाखला काढताना स्क्रीनवर एक गोल येतो. ‘चेहरा गोलात आणा.’ ‘डोळ्यांची उघडझाप करा.’ दोन सेकंदांत हिरवी टिक येते आणि आपण पुढच्या स्क्रीनवर जातो. तुमच्यापैकी बहुतेकांना या दोन सेकंदांचा कधी विचारही करावा लागला नसेल.

पण ज्या माणसाची पापणी मिटतच नाही, त्याने काय करायचं?

मी पनवेलमध्ये राहतो आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ॲपमध्ये चेहरा तपासणारे तयार घटक जोडणं हे आमच्या क्षेत्रात रोजचं काम. आपल्या तालुक्यात नवी मुंबई विमानतळ सुरू झालंय. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. तिथे डिजियात्रा वापरली तर चेहरा हाच तुमचा पास. त्याच पनवेल तालुक्यात नेरे गावाजवळ शांतिवन आहे. कुष्ठरोग निवारण समितीने तिथे कित्येक दशकं कुष्ठरुग्णांच्या उपचाराचं आणि पुनर्वसनाचं काम केलंय. एकीकडे चेहऱ्यावर चालणारी व्यवस्था आहे आणि दुसरीकडे आजाराने चेहरा बदललेली माणसं आहेत. दोघांमध्ये फार अंतर नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

कोर्टाने काय सांगितलं?

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात निकाल दिला. न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि आर. महादेवन यांचं खंडपीठ होतं. प्रज्ञा प्रसून यांच्यावर २००६ मध्ये ॲसिड हल्ला झाला होता. २०२३ मध्ये त्या बँक खातं उघडायला गेल्या, तेव्हा कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवा अशी अट आली. हल्ल्यात डोळ्यांना आणि चेहऱ्याला झालेल्या इजेमुळे त्यांना ते शक्यच नव्हतं. त्यांच्या याचिकेसोबत अमर जैन या दृष्टिहीन वकिलांची याचिकाही ऐकली गेली. स्क्रीनवर चेहरा गोलात आलाय की नाही हे न दिसणाऱ्याने सेल्फी कसा काढायचा, हा त्यांचा प्रश्न.

न्यायालय म्हणालं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सोबत २० निर्देश दिले. त्यातले आपल्या कामाचे असे:

- समोरचा माणूस जिवंत आहे हे तपासायला फक्त उघडझापेवर अवलंबून राहू नये, दुसरे मार्ग द्यावेत.
- कागदी केवायसीचा पर्याय बंद करू नये.
- मशीनने अर्ज नाकारला तर तो माणसाने तपासण्याची सोय असावी.
- ॲप आणि वेबसाइटचं ठरावीक काळाने सुलभता ऑडिट व्हावं.

त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनेही केवायसीच्या नियमात बदल करून लिहिलं की, लाइव्हनेस तपासणीमुळे विशेष गरजा असलेली माणसं बाहेर फेकली जाऊ नयेत.

बातम्यांमध्ये हा निकाल ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांचा आणि अंधांचा म्हणून आला, आणि ते बरोबरच होतं. पण पापणी न मिटण्याचं एक खूप जुनं कारण महाराष्ट्रात आजही आहे, ते म्हणजे कुष्ठरोग. त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

फोनला उघडझाप कळते कशी?

यात जादू काही नाही. आधी सॉफ्टवेअर चेहऱ्यावर ठिपके बसवतं. डीलिब नावाच्या जुन्या लायब्ररीत असे ६८ ठिपके असतात, गूगलच्या मीडियापाइपमध्ये ४६८. प्रत्येक डोळ्याभोवती सहा ठिपके घेतले की साधं गणित करता येतं: डोळ्याची उंची भागिले डोळ्याची रुंदी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधानंतर हे गुणोत्तर फार लोकप्रिय झालं. आजही इंटरनेटवरच्या बहुतेक शिकवण्या तिथूनच सुरू होतात.

डोळा उघडा असताना हे गुणोत्तर साधारण ०.३० च्या आसपास असतं. मिटला की ते शून्याकडे जातं. प्रोग्रॅमर एक सीमा ठरवतो, समजा ०.२०. सलग दोन-तीन फ्रेम आकडा त्याच्या खाली गेला आणि पुन्हा वर आला, की झाली उघडझाप. छापील फोटोला पापणी मिटता येत नाही, त्यामुळे फोटो दाखवून फसवणारा इथे अडकतो. कल्पना स्वस्त आहे आणि साध्या फोनवरही चालते.

आता समजा, एका माणसाचा एकच डोळा मिटत नाही. अनेक ठिकाणी दोन्ही डोळ्यांची सरासरी घेतात. निरोगी डोळा मिटून ०.०५ वर आला. दुसऱ्या डोळ्याची खालची पापणी सैल पडून लोंबलीये, त्यामुळे तो नेहमीपेक्षा जास्त उघडा, ०.४० वर थांबलाय. सरासरी येते ०.२२५. सीमा ०.२०. निकाल: ‘उघडझाप आढळली नाही, पुन्हा प्रयत्न करा.’ त्या माणसाने सांगितलेलं सगळं केलं, तरी ॲपच्या हिशोबात तो फोटो आहे.

कुष्ठरोग चेहऱ्याला नेमकं काय करतो?

कुष्ठरोगाचा जंतू, मायकोबॅक्टेरियम लेप्री, नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. हा विलक्षण आळशी जंतू आहे. साधे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा.

दुसरी गोष्ट म्हणजे याला थंडावा आवडतो. शरीराच्या आतलं ३७ अंश तापमान त्याला मानवत नाही. म्हणून तो त्वचा, नाक, कानाच्या पाळ्या आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसा अशा गार जागी राहतो. प्राण्यांमध्येही हेच दिसतं. अमेरिकेतल्या आर्मडिलो या खवल्यांच्या प्राण्याचं शरीर आपल्यापेक्षा गार असतं आणि त्याच्यात हा जंतू छान वाढतो. प्रयोगशाळेच्या बशीत तो आजपर्यंत कुणालाच वाढवता आलेला नाही, म्हणून संशोधनासाठी आर्मडिलोसारखे प्राणी वापरावे लागले. ब्रिटनमधल्या लाल खारींमध्ये कुष्ठरोगाचे जंतू सापडल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या जंगली चिंपांझींमध्ये सापडल्याचं २०२१ मध्ये.

चेहऱ्यावर गालाच्या हाडावरून जाणारी एक नस पापणी मिटवणाऱ्या स्नायूला आदेश देते. ही नस त्वचेच्या अगदी जवळ, म्हणजे जंतूच्या आवडत्या गार पट्ट्यात. नसेभोवती श्वान पेशींचं आवरण असतं, जंतू नेमका त्यात शिरतो. मग शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते आणि या मारामारीत नसच सुजते, दबते, निकामी होते. पापणीला आदेश पोचत नाही आणि डोळा अर्धवट उघडा राहतो. डॉक्टर याला लॅगॉफ्थाल्मोस म्हणतात. बुबुळाची संवेदना गेली असेल तर कचरा गेलेलाही कळत नाही, आणि डोळा कोरडा पडून दृष्टी जाण्याचा धोका असतो.

काही प्रकारांत भुवया आणि पापण्यांचे केस झडतात. चेहऱ्याची त्वचा जाड होऊन घड्या पडतात. नाकाच्या आतला पडदा नष्ट झाला की नाकाचा पूल खचतो. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर नेमकं याच जागांवर भरवसा ठेवतं: भुवयांची कड, डोळ्यांचे कोपरे, नाकाचा उंचवटा.

बोटांचे ठसे तरी चालतील ना?

‘चेहरा जमत नसेल तर अंगठा लावा’ हे सांगणं सोपं आहे. पण बोटांच्या टोकांवरच्या रेषा आणि घाम यांच्यावर ठशाचं यंत्र चालतं. कोरडं बोट यंत्राला नीट वाचता येत नाही, पावसाळ्यात तुमचा फोन पटकन उघडतो आणि थंडीत कटकट करतो ते यामुळेच. कुष्ठरोगात घाम आणणाऱ्या बारीक नसाही मरतात. त्वचा कोरडी पडते, भेगा पडतात. त्यात स्पर्श गेलेला असतो. गरम तवा, विडी, कुदळीचा दांडा यांनी झालेली जखम दुखतच नाही, म्हणून ती वाढत जाते. रेषा पुसल्या जातात, बोटं आखडतात, आखूड होतात.

म्हणजे एकाच आजाराने बायोमेट्रिकची दोन दारं बंद झाली. तिसरं दार बुबुळाचं. कुष्ठरोग डोळ्यालाही त्रास देतो, त्यामुळे तेही सगळ्यांना उघडं असतंच असं नाही.

आधारमध्ये यासाठी अपवादाची सोय आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केरळमधल्या बोटं नसलेल्या एका तरुणीला आधार मिळत नसल्याची बातमी आली आणि केंद्राने लगेच हालचाल केली. त्या वेळी सरकारने सांगितलं की बोटं नसलेल्या किंवा बुबुळ देता न येणाऱ्या सुमारे २९ लाख लोकांना तोवर आधार दिलं होतं. म्हणजे कार्ड मिळतं. पुढे त्या कार्डावर रेशन घेताना, पेन्शन घेताना, सिम घेताना दर वेळी ‘हा मीच’ हे सिद्ध करावं लागतं, आणि खरी अडचण तिथे येते.

‘पुन्हा प्रयत्न करा’ ही खरी गडबड

आमच्या क्षेत्रात एक सवय आहे. एखादी तपासणी ९९ टक्के वेळा यशस्वी होत असेल, तर आम्ही ती चांगली मानतो आणि उरलेल्यांसाठी ‘पुन्हा प्रयत्न करा’ बटण देतो.

हिशोब करून बघा. अपयश निव्वळ योगायोगाने येत असेल, म्हणजे कधी उजेड कमी, कधी हात हलला, आणि तशी शक्यता १० टक्के असेल, तर तीन प्रयत्नांनंतर अडकणारे हजारात एक. बटण उत्तम काम करतं.

पण ज्याची नसच मेलीये, त्याचं अपयश योगायोगाचं नाही. पहिल्या वेळी नापास, तिसऱ्या वेळी नापास, पुढच्या वर्षीही नापास. दहा लाख लोकांमध्ये एक टक्का म्हणजे दहा हजार. हे दहा हजार रोज वेगळे असते तर त्रास वाटला गेला असता. इथे बऱ्याचदा तीच माणसं पुन्हा पुन्हा अडकतात: भाजलेले, चेहऱ्याचा पक्षाघात झालेले, कुष्ठरोगातून बरे झालेले, खूप म्हातारे. डॅशबोर्डवर मात्र ९९ टक्के हिरवं दिसतं आणि मीटिंग संपते.

आणि ही माणसं आजारी नाहीत, हे लक्षात घ्या. कुष्ठरोगावरचे बहुविध उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये सुचवले. तीन औषधं, सहा किंवा बारा महिने, सरकारी दवाखान्यात मोफत. जंतू मरतो, लागण थांबते. मेलेली नस मात्र परत येत नाही. म्हणजे माणूस पूर्ण बरा झालाय, आणि तरी यंत्र त्याला ओळखत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्ती आणि ॲसिड हल्ल्यातले पीडित हे दोन्ही गट २१ प्रकारांत आहेत. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून २०१९ मध्ये काढून टाकलं. गावाने, नातेवाइकांनी, कायद्याने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी दार आता कुठे उघडतंय. तिथे आपण कॅमेरा लावून ठेवला तर काय उपयोग?

मग लाइव्हनेस तपासणी काढूनच टाकायची का?

नाही. हे मी इंजिनिअर म्हणून स्पष्ट सांगतो. तुमचा सेल्फी इन्स्टाग्रामवर सगळ्या जगाला दिसतो. तपासणी नसेल तर तो फोटो दाखवून कुणीही तुमच्या नावावर कर्ज काढेल. डीपफेकच्या काळात नुसती उघडझाप तर पुरेशीही नाही. चेहरा हलवणारे, डोळे मिचकावणारे व्हिडिओ आता साध्या लॅपटॉपवर बनतात. म्हणजे गंमत बघा: ही अट भामट्याला फारशी अडवत नाही आणि खऱ्या माणसाला मात्र पक्की अडवते.

पर्याय आहेत. त्वचेवरचा प्रकाश, खोली आणि पोत बघून काहीही करायला न लावता ओळखणाऱ्या तपासण्या आहेत. ‘डोके वळवा’, ‘हे आकडे वाचा’ असे दोन-तीन पर्याय देऊन माणसालाच निवडू देता येतं. ओटीपी आहे. व्हिडिओ कॉलवर समोर प्रशिक्षित माणूस बसवता येतो. यातला प्रत्येक पर्याय कुणाला ना कुणाला अडचणीचा आहे, म्हणूनच एकावर न थांबता निवड द्यायची.

एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. पापणी मिटावी म्हणून एक शस्त्रक्रिया करतात. कानशिलाजवळचा चावण्याचा स्नायू घेऊन त्याची पट्टी पापणीला जोडतात. मग रुग्णाला शिकवलं जातं की डोळा मिटायचा असेल तर दात आवळा. अशा पुनर्रचना शस्त्रक्रियांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमात रुग्णाला १२,००० रुपये साहाय्यही मिळतं. हा माणूस डोळे मिटू शकतो, पण सावकाश, दात आवळून. ॲपने मात्र ‘तीन सेकंदांत’ असा टायमर लावलाय. इथे नवं तंत्रज्ञान लागत नाही, कोडमधला एक आकडा बदलावा लागतो. तो बदलायचं सुचण्यासाठी असा वापरकर्ता असतो हे मात्र माहीत असावं लागतं.

उलटा प्रश्न: फोन कुष्ठरोग ओळखू शकेल का?

भारतात अजूनही दरवर्षी एक लाखाहून जास्त नवे रुग्ण सापडतात, जगातल्या एकूण नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक. २०२७ पर्यंत नव्या लागणी शून्यावर आणायचं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र सरकारने २०२५ च्या उत्तरार्धात कुष्ठरोगाची नोंद सक्तीची केली, म्हणजे खासगी डॉक्टरांनाही रुग्णाची माहिती कळवावी लागते. लवकर शोधलं तर नस वाचते, आणि हा सगळा लेखच अनावश्यक ठरतो.

त्यासाठी एआय वापरण्याचे प्रयत्न सुरू आहेत. ब्राझीलमध्ये फिओक्रूझ संस्थेने मायक्रोसॉफ्ट आणि नोव्हार्टिससोबत चट्ट्यांचे फोटो आणि रुग्णाची माहिती एकत्र करून निदानाला मदत करणारं मॉडेल बनवलं. पण कुष्ठरोगाच्या चट्ट्याची खरी खूण रंगात नसते. शिबं, कोड, सगळे फोटोत फिकट डागच दिसतात. कुष्ठरोगाचा चट्टा बऱ्याचदा बधिर असतो. आरोग्यसेविका कापसाचा बोळा किंवा पेनचं टोक लावून विचारते, ‘कळतंय का?’ कॅमेऱ्याला हे विचारता येत नाही. म्हणून फोन फार तर ‘डॉक्टरला दाखवा’ इतकंच सांगू शकतो आणि तेवढंच त्याने सांगावं.

तुमच्या घरी अडलं तर

घरातलं ई-केवायसी हल्ली तुम्हीच करून देता, म्हणून हे लक्षात ठेवा:

- हयातीचा दाखला चेहऱ्यानेच द्यावा अशी सक्ती नाही. बोट, बुबुळ हे पर्याय आहेत, आणि बँकेत जाऊन कागदी दाखलाही देता येतो.
- ठसा जुळला नाही एवढ्यावरून रेशन नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचना आहेत. दुकानदार नाही म्हणाला तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या.
- बँकेचं ॲप अडलं तर शाखेत जा, कागदी केवायसी मागा आणि एप्रिल २०२५ च्या निकालाचा उल्लेख करा.
- नाकारलेल्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. तक्रारीला तोच पुरावा.
- घरात कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. पनवेलकरांसाठी उपजिल्हा रुग्णालय आहेच. औषध मोफत आहे आणि लाजण्यासारखं त्यात काहीही नाही.

आणि तुमच्यापैकी जे कॉलेजात आहेत आणि उद्या अशी ॲप बनवणार आहेत, त्यांना एकच सांगणं. टेस्टिंगला आपण ऑफिसातल्या पंचवीस वर्षांच्या दहा मित्रांचे चेहरे वापरतो. सगळे पास होतात आणि ॲप बाजारात जातं. पुढच्या वेळी टेस्टिंगच्या यादीत एक ओळ वाढवा: ‘वापरकर्त्याचा एक डोळा मिटत नाही.’ मग तुमचं ॲप त्याला काय सांगतं ते बघा. ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच सांगत असेल, तर काम अजून संपलेलं नाही.